अर्ध्या गुणाची पुरवणी



स्मरणिकेसाठी लेख मागताना समितीने मला विषयही सुचवला होता. "तुझ्या आयटीतल्या प्रवासाबद्दल लिही. सुरक्षित चौकट सोडून स्वप्न कसं गाठलंस ते आताच्या मुलांना कळू दे." मी तीनदा सुरुवात केली आणि तिन्ही वेळा खोडलं. खरं सांगायचं तर मी कुठलीही चौकट सोडली नाही. गणित बरं होतं, बारावीला मार्क पडले, पुण्यात इंजिनिअरिंगला नंबर लागला, कॉलेजात असतानाच नोकरी मिळाली. रुळावरून गाडी जाते तशी मी गेले. दौंडच्या रेल्वे कॉलनीत वाढलेल्या मुलीला हीच उपमा सुचणार!

म्हणून मी इतिहासाचा विषय घेतला आहे. त्यात माझा एक जुना हिशेब बाकी आहे.

आठवीच्या सहामाहीत 'थोडक्यात टिपा लिहा' या प्रश्नात पंडिता रमाबाई आल्या होत्या. गुण दोन. मी लिहिलं, "पंडिता रमाबाई या थोर समाजसुधारक होत्या. त्यांनी शारदा सदन व मुक्ती सदन या संस्था काढल्या. त्यांनी स्त्रियांसाठी मोठे कार्य केले." बाईंनी दीड गुण दिला. उरलेल्या अर्ध्या गुणासाठी मी पेपर घेऊन टेबलापाशी गेले (मी कशी होते ते तुम्हाला आठवत असेलच). बाई म्हणाल्या, "अगं, यातलं नाव खोडून दुसऱ्या कुणाचंही घातलं तरी हे उत्तर चालेल. या बाईनं काय सोडलं आणि कशासाठी सोडलं, ते कुठंय?" वर्ग हसला. मी तोंड फुगवून जागेवर येऊन बसले.

पुढे कॉलेजची चार वर्षं मी पहाटेच्या शटलने पुण्याला जात होते. पाटस, कडेठाण, केडगाव. केडगावला दुधाचे कॅन चढायचे, भाजीच्या पाट्या चढायच्या, आणि मी एक तर झोपलेली असायचे नाहीतर मांडीवर जर्नल ठेवून आकृत्या पूर्ण करत असायचे. रमाबाईंचं मुक्ती मिशन त्या स्टेशनापासून जवळच आहे. चार वर्षांत मी एकदाही तिथे उतरले नाही. गेल्या वर्षी उतरले. का, ते शेवटी सांगते. आधी टीप पूर्ण करते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, आजच्या कर्नाटकात, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे विद्वान ब्राह्मण. त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. त्या काळी हे लोकांना मुळीच रुचलं नाही. लक्ष्मीबाईंनी मग मुलीला शिकवलं. पुढे या कुटुंबाला घरदार राहिलं नाही. एका तीर्थावरून दुसऱ्या तीर्थावर जायचं, देवळात पुराण सांगायचं, मिळेल त्या दक्षिणेवर दिवस काढायचा. दक्षिणेतल्या दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण असे तिघेही गेले. मागे राहिले रमाबाई आणि त्यांचा भाऊ श्रीनिवास. दोघं पायी भटकत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले.

आमच्या ऑफिसात दर वर्षी कुणीतरी वक्ता येऊन 'कम्फर्ट झोन सोडा' असं सांगून जातो. रमाबाईंबद्दल वाचताना मला पहिला प्रश्न हाच पडला, की जिला घर नाही, आईबाप नाहीत, ती सोडणार तरी काय? पण कलकत्त्यात एक गोष्ट घडली. तिथल्या पंडितांनी तिची संस्कृतची परीक्षा घेतली आणि वीस वर्षांच्या त्या मुलीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. कालपर्यंत देवळाच्या पायरीवर बसणारी मुलगी सभांमधून व्याख्यानं देऊ लागली. आयुष्यात पहिल्यांदा तिला बसायला मानाची जागा मिळाली होती. हजारो श्लोक तोंडपाठ असणारी विदुषी म्हणून तिचा सगळा जन्म आरामात गेला असता.

आता पुढच्या दोन वर्षांचा वेग बघा. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. ते ब्राह्मण नव्हते. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली. फेब्रुवारी १८८२ मध्ये बिपिनबाबू कॉलऱ्याने गेले. तेवीस वर्षांची विधवा आणि कडेवर वर्षही न भरलेली मुलगी.

त्याच वर्षी त्या पुण्याला आल्या. रानड्यांसारख्या सुधारकांनी स्वागत केलं. आर्य महिला समाज निघाला, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक निघालं. सरकारचं हंटर कमिशन शिक्षणाची पाहणी करायला आलं तेव्हा रमाबाईंनी त्याच्यापुढे साक्ष दिली. मुलींना शिकवायला नीट तयार केलेल्या शिक्षिका हव्यात, मुलींच्या शाळांची तपासणी स्त्रियांनी करावी आणि स्त्रियांना वैद्यकीचं शिक्षण मिळावं, असं त्यांचं म्हणणं होतं. पुण्यात पुन्हा एकदा मानाची जागा मिळाली होती.

पण व्याख्यान संपलं की ऐकायला आलेल्या बायका आपापल्या घरी जायच्या. ज्या बालविधवेचं केशवपन होऊन ती स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पडलेली असायची, ती व्याख्यानाला येऊच शकत नव्हती. तिला छप्पर हवं होतं, अक्षर हवं होतं आणि पोटापुरतं कमावता येईल असं हाताला काम हवं होतं. अशा मुलींसाठी एक घर असावं, हे रमाबाईंचं स्वप्न. ते आपल्याला देवाने नेमून दिलेलं आहे, या श्रद्धेने त्या पुढे जन्मभर वागल्या.

त्यासाठी आधी स्वतः डॉक्टर व्हायचं ठरवून १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. सोबत दोन वर्षांची मनोरमा आणि आनंदीबाई भगत ही मैत्रीण. पैशांची काही सोय 'स्त्रीधर्मनीति'च्या विक्रीतून झालेली. तिथे गेल्यावर कळलं, की कमी ऐकू येत असल्यामुळे वैद्यकी शिकता येणार नाही. बरोबर आलेल्या मैत्रिणीने आत्महत्या केली. परक्या देशात, लहान मूल घेऊन, ज्या कामासाठी आलो ते दारच बंद, अशी अवस्था. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. पुण्यात ज्यांनी डोक्यावर घेतलं होतं त्यातल्या अनेकांना हा धक्का होता, आणि आपल्या मागे काय बोललं जाईल याची रमाबाईंना कल्पना नसेल असं मला वाटत नाही.

गंमत म्हणजे नव्या धर्मातही त्या निमूट बसल्या नाहीत. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्या शिकत होत्या आणि संस्कृत शिकवतही होत्या. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असं बिशपांचं म्हणणं पडलं, तर रमाबाईंनी त्यावरही ठामपणे वाद घातला. माझी अक्कल मला मिळाली आहे ती वापरण्यासाठीच, असा त्यांचा एकंदर बाणा होता.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. निमित्त होतं फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशींच्या डॉक्टरकीच्या पदवीदान समारंभाचं. तारीख ११ मार्च. ही तारीख लक्षात ठेवा, परीक्षेत येणार आहे. अमेरिकेत त्यांनी ठिकठिकाणी व्याख्यानं दिली, बालवाडीची शिक्षणपद्धत शिकून घेतली आणि उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. १८८७ मध्ये ते निघालं आणि त्या वर्षअखेरीस बोस्टनमध्ये 'रमाबाई असोसिएशन' उभी राहिली. भारतातल्या विधवांच्या घराला दहा वर्षं मदत करायची, आणि तिथे धर्मप्रसार करायचा नाही, असं ठरलं. अमेरिकेतही सभागृहं भरत होती, टाळ्या पडत होत्या. तिथेच राहिल्या असत्या तरी नाव झालं असतं. त्या परत आल्या.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं. आनंदीबाईंच्या पदवीला त्या दिवशी बरोबर तीन वर्षं झाली होती. सदनात आलेली पहिली विधवा मुलगी म्हणजे गोदूबाई. लहानपणीच लग्न झालेली आणि काही महिन्यांत वैधव्य आलेली. १८९० मध्ये सदन पुण्याला आलं. आणि ११ मार्च १८९३ रोजी याच गोदूबाईंचं लग्न फर्ग्युसन कॉलेजातले गणिताचे प्राध्यापक धोंडो केशव कर्वे यांच्याशी झालं. त्या आनंदीबाई झाल्या, आणि पुढे सगळ्यांच्या बाया कर्वे. विधवेशी लग्न केलं म्हणून कर्व्यांच्या गावाने, मुरुडने, त्यांच्यावर बहिष्कार घातला.

त्याच १८९३ मध्ये सदनावर मोठं वादळ आलं. सदनातल्या मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, काही ख्रिस्ती व्हायच्या वाटेवर आहेत, अशी ओरड झाली. 'केसरी'ने टीकेची झोड उठवली. रानडे आणि भांडारकर हे सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांनी आपापल्या मुली काढून नेल्या.

या वादात मी न्यायाधीश होणार नाही. आमच्या घरी गणपती बसतात आणि माझ्या आजीला हे प्रकरण वाचून दाखवलं असतं तर ती पालकांच्याच बाजूने बोलली असती. विश्वासाने मुलगी ठेवलेल्या बापाला दचकायला कारण होतं. रमाबाईंचंही म्हणणं असं होतं, की मी कुणाला बोलावत नाही, पण माझ्या खोलीचं दार लावूनही घेणार नाही. दोन्ही गोष्टी मला समजतात. आम्ही सॉफ्टवेअरमधली चूक शोधताना एकेक गोष्ट बदलून बघतो. सगळं बदलूनही जे तसंच राहतं, तिथे मुळाशी काहीतरी असतं. रमाबाईंचं गाव बदललं, देश बदलला, धर्म बदलला, पाठीराखे आले आणि गेले. निराधार मुलीला घर आणि हाताला काम, एवढी एक गोष्ट १८८२ पासून बदलली नाही. स्वप्न देवाने दिलेलं आहे हे सिद्ध करायचं माझ्याकडे साधन नाही. ते तात्पुरतं नव्हतं, एवढं मात्र दिसतं.

आता केडगाव. बोस्टनची मदत दहा वर्षांचीच, ती १८९८ मध्ये संपणार. सदन स्वतःच्या पायावर उभं राहावं म्हणून रमाबाईंनी आपल्या या दुष्काळी पट्ट्यात जमीन घेतली, विहिरी खणल्या आणि फळबाग लावायला घेतली. तेवढ्यात १८९६-९७ चा दुष्काळ पडला. मध्य प्रांतात माणसं मरत आहेत असं कळल्यावर त्या तिकडे गेल्या. उपाशी माणूस कसा दिसतो हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी आपले आईवडील तसेच जाताना पाहिले होते. तिथून त्यांनी मुली आणि बायका आणल्या, शेकड्यांनी. पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्यामुळे एवढ्या मुली शहरात ठेवता येईनात, म्हणून त्यांना केडगावच्या माळावर आणलं. तेच मुक्ती सदन. १९०० च्या दुष्काळानंतर तिथली संख्या हजाराच्या वर गेली.

इथे एक बदल झाला, जो माझ्या आठवीच्या उत्तरात नव्हता. शारदा सदन मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी निघालं होतं. केडगावला जात विचारायला वेळच नव्हता. जी उपाशी ती आत. मग तिथे शेती, गाईगुरं, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना असं एकेक सुरू झालं आणि ही कामं मुली शिकल्या. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, बायबलचं मराठी भाषांतर स्वतः केलं आणि ते तिथल्याच छापखान्यात बायकांनी छापलं.

एक हिशेब अजून मांडायला हवा. मनोरमा. दोन वर्षांची असताना समुद्र ओलांडलेली, आई गावोगाव व्याख्यानं देत असताना दुसऱ्यांच्या हाताखाली वाढलेली. मोठेपणी ती आईच्याच कामाला लागली, ब्रेल शिकून आली आणि तिने केडगावला अंध मुलींना शिकवलं. १९२१ मध्ये ती आईच्या आधी गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. स्वप्न आईचं होतं, किंमत मुलीनेही मोजली. मीही एका मुलीची आई आहे, त्यामुळे हे वाक्य मला सहज लिहिता आलं नाही.

आणि स्वप्नाचा दुसरा फाटा? सदनातून कर्व्यांच्या घरी गेलेल्या गोदूबाई. कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला, १९०० मध्ये तो हिंगण्याच्या झोपडीत गेला आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ सुरू झालं. रमाबाईंशी फारकत घेतलेल्या समाजातच त्यांच्या पहिल्या विद्यार्थिनीच्या घरातून तेच काम वेगळ्या वाटेने वाढलं. एखादं स्वप्न खरंच वरून आलेलं असेल तर ते एकट्याच्या मालकीचं राहत नाही, हे मी यातून घेतलं.

म्हणजे बाई, "काय सोडलं" याचं माझं उत्तर असं आहे. रमाबाईंनी टाळ्या सोडल्या. कलकत्त्याच्या, पुण्याच्या, अमेरिकेच्या. गरिबी त्यांना जन्मापासून सवयीची होती, तिचं भय नव्हतं. चांगल्या माणसांनी केलेलं कौतुक सोडून, त्यांचीच नाराजी पत्करून, केडगावच्या माळावर जाऊन विहीर खणणं, हे अवघड होतं. आणि ते त्यांना एकदा नाही, पुन्हा पुन्हा करावं लागलं.

आता मी केडगावला का उतरले ते सांगते.

आपल्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप झाला तेव्हा माझ्या बाकावर बसणारी मैत्रीण भेटली. नाव लिहीत नाही, तुम्ही ओळखालच. गणितात ती माझ्यापुढे होती. दहावीच्या सुट्टीत तिचं लग्न झालं. मी गॅदरिंगला प्रमुख पाहुणी म्हणून येऊन 'स्वप्नं मोठी बघा' असं भाषण देऊन गेले, तेव्हा ती दोन गल्ल्या पलीकडे राहत होती. हे मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. ग्रुपवर बाकीचे गुड मॉर्निंग पाठवत असताना तिने मला वेगळा मेसेज केला, "मला बारावी करायची आहे. आता जमेल का गं?"

जमतं. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावीला बसता येतं. तिने फॉर्म भरला, तिच्या सुनेनेही भरला आणि शेजारच्या एकीने. इंग्रजी मी शिकवेन म्हटलं. इतिहासाला कुणी मिळेना, म्हणून तोही माझ्याकडे आला. शिकवायचं म्हणून वाचायला लागले आणि रमाबाईंपाशी येऊन थांबले. एका शनिवारी सकाळी पुण्याहून येताना केडगाव आलं आणि मी उतरले. आवारात शाळकरी मुली कशावरून तरी एकमेकींशी हुज्जत घालत चालल्या होत्या, अगदी आपण घालायचो तशी. सव्वाशे वर्षांनंतरही ते घर चालू आहे. मी तिथे तासभर बसले आणि पुढच्या गाडीने दौंडला आले.

मी नोकरी सोडलेली नाही. फ्लॅटचं कर्ज आहे, लेकीचं कॉलेज आहे. ऑफिसात चार दिवसांचा आठवडा मागून घेतला. त्याबरोबर पगार कमी झाला आणि ज्या बढतीची पाच वर्षं वाट पाहिली ती दुसऱ्याला गेली. "या वयात हे काय खूळ?" असं घरात आणि ऑफिसात दोन्हीकडे विचारून झालं. मीही रात्री स्वतःला विचारते. शुक्रवारी सकाळी दौंडला येते, वडिलांच्या घराची पुढची खोली उघडते. सध्या सात जणी आहेत. पहिल्या तिघींपैकी दोघी बारावी पास झाल्या. माझी मैत्रीण इंग्रजीत राहिली, म्हणजे माझ्याच विषयात. ऑक्टोबरमध्ये... नव्हे, आता पुरवणी परीक्षा जुलैत असते, तिने पुन्हा फॉर्म भरला आहे. हे देवाने दिलेलं काम आहे का, मला ठाऊक नाही. शुक्रवारी गाडीत बसताना मात्र मला आता झोप येत नाही.

खोलीत अकाउंट्स शिकवायला कुणी नाही. आपल्या बॅचमध्ये तिघं बँकेत आहेत, ते कोण हे सगळ्यांना माहीत आहे. त्यांनी मेळाव्याच्या दिवशी मला चुकवून जाऊ नये.

आणि बाई, तुम्ही मेळाव्याला येणार आहात असं कळलं. इतिहासाच्या तासाला एकदा तरी खोलीवर या. माझी टीप तपासायची राहिली आहे. मूळ उत्तरपत्रिकेला ही पुरवणी जोडली आहे. अर्धा गुण द्यायचा की नाही, ते वर्गाला विचारून ठरवा.